वडिलांची क्लॅरिनेट सर्वांत शेवटी

पत्र थोडक्यात असं : सांगली जिल्ह्यातल्या तालुक्याच्या गावी राहणाऱ्या एका ताईंनी लिहिलं आहे. वय ३४. दातांच्या लॅबमध्ये त्या बारा वर्षं टेक्निशियन आहेत. कॅप, ब्रिज, कवळ्या बनवतात. वडील तीस वर्षं बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. त्यांची क्लॅरिनेट ट्रंकेत आहे. तिच्या वरच्या जोडाला, म्हणजे नळीच्या वरच्या तुकड्याला, चीर पडली आहे आणि एका चावीला स्प्रिंगऐवजी रबर बांधलेला आहे. चीर फेविक्विकनं भरायला गेल्या, तर गोंद भोकाच्या कडेवर ओघळला. तालुक्यात दुरुस्तीवाला उरलेला नाही, आणि वाद्य मुंबईला पाठवलं की सीझन हातचा जातो. म्हणून वडिलांचे सोबती ताईंकडे येऊ लागले. एका सॅक्सोफोनच्या नेकचं, म्हणजे वरच्या वाकड्या नळीचं, बूच त्यांनी छान बसवलं. मग एका ज्येष्ठ वादकाच्या क्लॅरिनेटची तीन पॅड, म्हणजे चावीखालच्या भोक मिटणाऱ्या मऊ गाद्या, बदलली, पण दुसऱ्या दिवशी वरातीत खालचे सूर बोलेनात आणि त्या काकांची सुपारी गेली. तेव्हापासून ताईंनी कुणाच्याही वाद्याला हात लावलेला नाही. त्या विचारतात : परदेशी कोर्स केल्याशिवाय हे काम येतच नाही का? मला फक्त सरगम वाजवता येते, तेवढ्यावर भागेल का? नवरा म्हणतो दुकान काढ, भाऊ म्हणतो बँडवाल्यांच्या धंद्यात परत कशाला. मी नोकरी सोडू का? आणि वडिलांची क्लॅरिनेट कशी वाचवू?

ताई,

तुमचे मोठे प्रश्न चार आहेत. पण पत्रात मधेच एक वाक्य येऊन गेलंय, 'तेव्हापासून काकांच्या गल्लीतून जायचं टाळते.' मी आधी त्याबद्दल बोलतो. ते मोकळं झाल्याशिवाय नोकरी, कोर्स, दुकान हे सगळं हवेतच राहील.

काकांच्या क्लॅरिनेटला काय झालं असावं, ते तुमच्या वर्णनावरून बरंचसं कळतं. तुम्ही वरच्या जोडाची तीन पॅड बदललीत. नवी पॅड जुन्यांपेक्षा 'चांगली भरदार' होती. ती घट्ट बसावीत म्हणून स्प्रिंगा थोड्या कडक केल्यात आणि त्याच संध्याकाळी वाद्य परत दिलंत. आता बघा, पॅड गरजेपेक्षा जाड असलं की ते चावीच्या बिजागरीकडच्या बाजूला आधी टेकतं आणि समोरच्या बाजूला केसाएवढी फट राहते. कडक स्प्रिंगेनं ती फट दाबून ठेवली, म्हणून संध्याकाळी दिसली नाही. नमद्याचं नवं पॅड रात्रभर दबतं, फुंकरीची ओल धरतं, थोडं हलतं. सकाळी फट पुन्हा उघडली. आणि क्लॅरिनेटमध्ये वरच्या बाजूला कुठेही हवा गळली, की तिच्या खालचे सगळे सूर आजारी पडतात. म्हणून काकांना वाटलं खालचा जोड बिघडला. तुम्हालाही तसंच वाटलं आणि तुम्ही खालच्या जोडाची बुचं तपासत बसलात. बिघाड वर होता, असं मी जवळजवळ खात्रीनं सांगतो.

म्हणजे तुमचा हात चुकला नाही, क्रम चुकला. आधी गळती शोधायची, मग पॅडला हात लावायचा, आणि काम झाल्यावर वाद्य एक रात्र आपल्याकडे ठेवून सकाळी पुन्हा तपासायचं. वरातीच्या आदल्या संध्याकाळी कुणी कितीही गळ घातली तरी पॅड बदलून द्यायचं नाही. मी वाद्यदुरुस्ती शिकायला लागलो तेव्हा हा नियम मला माझ्या उस्तादांनी पहिल्या आठवड्यात सांगितला होता. मी तो मोडला तेव्हा तुमच्यासारखाच पस्तावलो.

गळती शोधायची रीत लिहून ठेवतो, इतरांनाही उपयोगी पडेल. वरचा जोड सुटा करा. डाव्या हाताच्या बोटांनी भोकं नेहमीसारखी झाका, खालचं तोंड उजव्या तळहातानं दाबून धरा आणि वरच्या तोंडातून हवा ओढून घ्या. आतली पोकळी दोन-तीन सेकंद टिकली आणि तळहात काढताना 'टप्' असा आवाज आला, तर जोड हवाबंद आहे. हवा हळूहळू आत शिरत असेल तर कुठेतरी फट आहे. ती कोणत्या पॅडखाली आहे हे सिगारेटच्या पातळ कागदाच्या पट्टीनं कळतं. पट्टी बोटाच्या नखापेक्षा अरुंद कापा, पॅडच्या कडेखाली सरकवा, चावी हलक्या हातानं मिटू द्या आणि पट्टी ओढा. समोरून, मागून, डावीकडून, उजवीकडून, चारही ठिकाणी ओढ सारखी लागली पाहिजे. सॅक्सोफोनची भोकं मोठी असतात, तिथे काम आणखी सोपं होतं : खोलीत अंधार करून नळीत छोटा एलईडी दिवा सोडायचा, चावी मिटायची, आणि जिथून उजेड दिसेल तिथे पॅड बसलेलं नाही.

हे वाचताना तुम्हाला लॅब आठवली असेल. कॅप बसवल्यावर चावा कुठे उंच लागतोय हे तुम्ही निळ्या आर्टिक्युलेटिंग पेपरनं बघता, तीच नजर इथे लागते. स्पिरिटच्या दिव्यावर मेण नेमकं मऊ करणं, छोट्या चिमट्यानं काम करणं, पॉलिशला घाई न करणं, हे सगळं बारा वर्षांत तुमच्या बोटांत मुरलंय. वाद्यदुरुस्तीला येणाऱ्या नवख्या मुलाला यातलं काहीच येत नसतं. तुमचं पत्र 'मला काहीच येत नाही' या सुरात लिहिलंय. तो सूर मला पटला नाही.

लॅबमधली एक सवय मात्र दारातच ठेवून या. तिथे काही उंच लागलं की तुम्ही मायक्रोमोटर घेऊन घासता. वाद्यात भोकाची कड आणि नळीचा आतला घेर म्हणजेच सूर. तिथलं लाकूड एकदा घासलं की परत येत नाही, आणि तो सूर कायमचा चढतो किंवा बिघडतो. जुळवून घ्यायचं ते पॅडनं, बुचानं आणि चावीच्या वाकानं. लाकडाला हात लावायची वेळ आली, तर त्या दिवशी काम थांबवा आणि कुणाला तरी विचारा.

हे मी स्वतः केलेल्या नुकसानीवरून सांगतोय. शिकायला लागून चार महिने झाले होते. एका म्हाताऱ्या वादकाची एबोनाइटची क्लॅरिनेट आली होती. एक पॅड चावीच्या वाटीत सरळ करायला मी स्पिरिटचा दिवा जवळ धरला, जरा जास्तच जवळ, आणि चावीखालच्या भोकाची कड उष्णतेनं मऊ पडून बसली. एबोनाइट म्हणजे कडक केलेलं रबर, ते आच सोसत नाही, हे मला ठाऊक होतं, पण हातानं अजून ते शिकायचं होतं. उस्तादांनी पदरचा दुसरा जोड बसवून दिला. मला मात्र त्या वादकासमोर बसवून, काय झालं ते माझ्याच तोंडून सांगायला लावलं. त्या वेळी फार लागलं होतं. पुढे पस्तीस वर्षं लोकांनी माझ्याकडे विश्वासानं वाद्यं दिली, त्याचं मूळ मला त्या दुपारीत दिसतं.

म्हणून सांगतो, काकांकडे जा. फोन करू नका, जा. त्यांचा जो खाडा पडला त्याचे पैसे बरोबर न्या. ते घेणार नाहीत बहुधा, तरी पुढे करा. काय चुकलं ते वर लिहिलंय तसं साध्या शब्दांत सांगा आणि वाद्य पुन्हा मागा. या वेळी त्यांना शेजारी बसवून काम करा. पातळ पॅड घाला, स्प्रिंगा मूळ ताणावर आणा, कागदाची पट्टी त्यांच्याच हातात द्या. जुन्या बँडवाल्यांना आपलं वाद्य उघडलेलं बघायला फार आवडतं, आणि कुठल्या चावीनं कधी दगा दिला याचा सगळा इतिहास त्यांना तोंडपाठ असतो. कुठल्याही वर्गात तो मिळणार नाही.

आता 'मला फक्त सरगम येते' याबद्दल. दुरुस्ती करणाऱ्याला मैफल जमवायची नसते. त्याला वाद्याचे सगळे सूर, खालून वरपर्यंत, एकेक लांब आणि हळू वाजवता आले पाहिजेत. हळू हा शब्द महत्त्वाचा. क्लॅरिनेटचा सर्वांत खालचा सूर दबक्या आवाजात, न अडखळता लागला तर वाद्य तंदुरुस्त आहे. जोरात फुंकून तो कुठल्याही फुटक्या वाद्यातून काढता येतो. तुमच्या वडिलांच्या पिढीचे वादक गळक्या वाद्यावर वर्षानुवर्षं वाजवून इतके पटाईत झालेले असतात की बोटं जास्त दाबून, फुंकर वाढवून ते फट झाकून टाकतात. त्यांच्या हातात वाद्य बरं वाजलं म्हणजे ते बरं आहे असं नाही. तुमचा ओठ कच्चा आहे, तुम्हाला फट लगेच कळेल. रोज वीस मिनिटं लांब सूर लावा, सहा महिन्यांत पुरेसं होईल. सॅक्सोफोनची बोटं क्लॅरिनेटच्या वरच्या सप्तकाशी पुष्कळशी जुळतात, ते पाठोपाठ येईल.

कोर्सचं बोलू. परदेशात रीतसर शिक्षण आहे हे खरं. अमेरिकेत मिनेसोटातल्या रेड विंग गावी बँडच्या वाद्यांची दुरुस्ती शिकवणारा अभ्यासक्रम आहे. तिथल्या दुरुस्ती कारागिरांची राष्ट्रीय संघटना १९७६ पासून आहे. जर्मनीत लाकडी फुंकवाद्यं बनवणं हा तीन वर्षं उमेदवारी करून शिकायचा मान्यताप्राप्त व्यवसाय आहे. फ्रान्समध्ये ल माँ इथे वाद्यतंत्रज्ञांची संस्था आहे. ज्याचं वय विशीत आहे, पैशांची सोय आहे, आणि पुढे मोठ्या शहरात ऑर्केस्ट्राची महागडी वाद्यं हाताळायची आहेत, त्यानं जरूर जावं. पण तुमच्यासमोर कुठली वाद्यं येणार आहेत? मेरठची किंवा जुनी विलायती क्लॅरिनेट, पितळी सॅक्सोफोन, धुळीतून आणि वळवाच्या पावसातून वाजलेली. त्यांच्यासाठी लागणारं पहिलं सत्तर टक्के शिक्षण तुमच्या टेबलावर होऊ शकतं. उरलेल्यासाठी माणसं शोधायची. लष्करी बँडमधून निवृत्त झालेले वादक आपल्या भागात बरेच आहेत. लष्करी बँडवाल्यांचं शिक्षण मध्य प्रदेशात पचमढीला होतं आणि तिथे वाद्याची निगा हा शिस्तीचाच भाग असतो. असा एखादा सुभेदार गाठा. गोव्यात आणि मुंबईत जुन्या वादकांच्या घरांतून दुरुस्ती जाणणारी माणसं अजून आहेत. एखाद्याकडे वर्षातून पंधरा दिवस बसायची परवानगी मागा. पितळी कामासाठी, म्हणजे पोचे काढणं, डाख देणं यासाठी, मेरठच्या जली कोठी भागात आठवडाभर नुसतं बघत उभं राहिलात तरी डोळे उघडतील. बँडची वाद्यं तिथे ब्रिटिश काळापासून बनतात.

व्हिडिओ बघून शिकावं का, हेही विचारलंय. बघा. पण बघून झाल्यावर त्याच दिवशी हातानं करा, नाहीतर डोळे शिकतात आणि बोटं मागे राहतात.

शिकण्यासाठी तुम्हाला दोन वाद्यं लागतील, कुणाचीही नसलेली. बँडमालकांच्या माळ्यावर टाकून दिलेल्या क्लॅरिनेट असतात, त्यातल्या दोन मागून आणा. एक लाकडी, एक एबोनाइटची मिळाली तर उत्तम. दोन्ही काळ्याच दिसतात. लाकडी नळीत आत उजेड टाकला की रेषा दिसतात. एबोनाइटला रेषा नसतात, उन्हानं ते हिरवट-तपकिरी पडतं आणि कोमट पाण्यानं चोळलं की गंधकाचा वास येतो. चाव्या मोजा. आपल्याकडच्या जुन्या बँडमध्ये तेरा चाव्यांची अल्बर्ट पद्धतीची क्लॅरिनेट बरीच दिसते. शाळा-कॉलेजात शिकणारी नवी मुलं आणतात ती बहुधा सतरा चाव्यांची बोम पद्धतीची, जी पॅरिसमध्ये वादक क्लोझे आणि वाद्य बनवणारे ब्युफे यांनी १८३९ मध्ये पहिल्यांदा लोकांसमोर मांडली. दोघींच्या चाव्यांची जोडणी वेगळी आहे, म्हणून एकीचं शिकलेलं दुसरीला तसंच्या तसं लावू नका.

या दोन क्लॅरिनेट पूर्ण उघडा, पुन्हा जोडा. उघडताना प्रत्येक स्क्रू पुठ्ठ्यावर चित्र काढून त्याच जागी टोचून ठेवा. दिसायला सारखे स्क्रू सारखे नसतात. असं दहा वेळा करा. मग पॅड. बाजारातला 'सेट' आणून सरसकट बसवू नका. प्रत्येक वाटीचा आतला व्यास व्हर्नियर कॅलिपरनं मोजा, जुन्या पॅडची जाडी मोजा, आणि जाडी जुळतेय ना हे व्यासाइतकंच बघा. क्लॅरिनेटच्या पॅडवरचं ते पारदर्शक आवरण 'फिश स्किन' म्हणून विकलं जातं, पण ते जनावराच्या आतड्याच्या पडद्यापासून करतात. ते फार नाजूक असतं, नखानं फाटतं.

पॅड चिकटवायला लाख लागते, आणि ती आपल्याच देशाची चीज आहे. जगभरचे कारागीर जी लाख वापरतात तिचा मोठा वाटा झारखंडच्या जंगलातून येतो. सोनाराकडची दागिन्यात भरायची लाख मात्र घेऊ नका, तिच्यात भर घातलेली असते. फर्निचरच्या पॉलिशसाठी रंगाच्या दुकानात चपडा मिळतो तो घ्या, ताजा घ्या. जुनाट चपडा नीट वितळत नाही. एबोनाइटच्या वाद्याला हॉट ग्लू बरा, त्याला आच कमी लागते.

स्प्रिंगा सरळ करायला खास आकडा विकत घ्यायची गरज नाही. क्रोशाची बारीक सुई घ्या, तिच्या टोकाला कानशीनं छोटी खाच पाडा. जोडांवरच्या बुचासाठी बुचाचा पातळ पत्रा आणि काचपेपर. हा एक प्रकार तुम्हाला आलेलाच आहे. चाव्यांच्या नळ्यांना शिवणयंत्राचं तेल, सुईच्या टोकावर मावेल इतकंच. खोबरेल घालू नका. बँडमध्ये सर्रास घालतात, पण थंडीत ते गोठतं आणि एरवी धूळ धरून चिकट होतं. पितळ घासायची पावडर सॅक्सोफोनला लावू देऊ नका. वरचं लॅकर जातं आणि पावडर नळ्यांमध्ये शिरून चाव्या खाते.

आणखी एक बिघाड तुमच्याकडे हमखास येईल : क्लॅरिनेटचे दोन जोड जिथे भेटतात तिथली पुलासारखी चावी. घाईत जोडताना ती वाकते, आणि दोन्ही जोड वेगवेगळे तपासले तर दोन्ही निर्दोष निघतात. माणूस चक्रावतो. जोडताना वरच्या जोडाच्या भोकांभोवतीच्या कड्या दाबून धरल्या की पूल वर उचलला जातो आणि वाचतो. हे प्रत्येक गिऱ्हाइकाला करून दाखवा, निम्मे बिघाड होणारच नाहीत.

मोडलेल्या चाव्यांचं काम तुम्हाला इतरांपेक्षा लवकर येईल, कारण ब्रिजचे सांधे तुम्ही लॅबमध्ये जोडत आला आहात. चांगल्या चाव्या जर्मन सिल्व्हरच्या असतात. चांदीचा डाख आणि टाकणखार घेऊन त्या पक्क्या जोडता येतात. स्वस्त वाद्यांच्या काही चाव्या मात्र जस्ताच्या ओतीव धातूच्या असतात. त्या आचेखाली एकदम वितळून पडतात. आधी एका कोपऱ्यात कानस मारून बघा. आणि काळ्या लाकडाची धूळ श्वासाला आणि कातडीला बाधते. मास्कची सवय लॅबमध्ये आहे, ती घरीही ठेवा. बूच चिकटवायच्या सोल्युशनचं काम खिडकी उघडून, मुलांपासून दूर.

आता नोकरी. नवरा म्हणतो सोड, भाऊ म्हणतो हे सोड. दोघांनीही तुमच्यासमोर एक फाटा उभा केलाय जो मला प्रत्यक्षात दिसत नाही. बँडचं वर्ष कसं चालतं ते तुम्ही लहानपणापासून पाहिलंय. तुळशीचं लग्न लागलं की सुपाऱ्या सुरू होतात, त्या जून उजाडेपर्यंत. आषाढी एकादशीपासून चातुर्मास, मुहूर्त नाहीत. मधे गणपतीचे दिवस. वाद्यं मोकळी असतात ती आषाढ-श्रावणात, आणि मग नवरात्र ते दिवाळी. म्हणजे हे काम मुळातच हंगामी आहे. एक पूर्ण चातुर्मास नोकरी ठेवून करा : रविवार आणि आठवड्यातल्या दोन संध्याकाळी. एका वेळी दोनच वाद्यं घरात घ्या. एक वही ठेवा. वाद्य कुणाचं, काय तक्रार होती, काय सापडलं, कुठल्या मापाचं पॅड घातलं, किती तास लागले, महिन्यानं परत आलं का. हा शेवटचा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. पंचवीस वाद्यं झाली की वही घेऊन नवऱ्याबरोबर बसा. तेव्हा दुकानाचं बोलणं खऱ्या आकड्यांवर होईल. कदाचित असंही दिसेल की तालुक्यापुरतं हे पूर्णवेळ काम नाही आणि लॅबमधली अर्धवेळ नोकरी अधिक हे, हीच खरी चांगली सोय आहे. ते कमीपणाचं मानू नका.

मजुरी पहिल्या दिवसापासून घ्या. 'बाबांचे दोस्त आहेत, पैसे कसे मागू' असं लिहिलंय तुम्ही. फुकट केलेल्या कामावर लोक हक्कानं रागावूही शकत नाहीत, आणि तुमच्याकडून ते मन लावून पुन्हा करूनही घेता येत नाही. माल आणि तास धरून साधा दर ठरवा, भिंतीवर लावा. जे जमत नाही, जसे मोठे पोचे किंवा लाकडाच्या चिरा, ते घेऊ नका, आणि कुठे पाठवायचं ते सांगा. नाही म्हणणारा कारागीर लोकांच्या लक्षात राहतो.

भावाच्या बोलण्यावर तुम्ही चिडलेल्या दिसता. मी त्याच्या बाजूनं थोडं बोलू का? तो बँडवाल्याचा मुलगा म्हणून शाळेत वाढला. वडिलांनी दुसऱ्यांच्या लग्नात तीन-तीन तास उन्हात वाजवलं आणि पंगतीत शेवटी बसले, हे त्यानं पाहिलं असणार. 'परत कशाला' यामागे ते आहे. त्याला वाद घालून पटणार नाही. त्याला मिरजेला घेऊन जा, तुमच्यापासून लांब नाही. तिथला सतार-तंबोऱ्याचा व्यवसाय एकोणिसाव्या शतकात शिकलगारांनी उभा केला. तलवारी-भाल्यांना धार लावणारी ती माणसं. हत्यारांचं काम आटलं तेव्हा फरीदसाहेबांसारख्यांनी तंतुवाद्यं दुरुस्त करायला घेतली, आणि दुरुस्त करता करता बनवायला लागले. २०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं. त्या गल्लीत तासभर बसला की हातानं काम करणाऱ्याला काय मान असतो हे त्याला तुमच्याशिवाय दिसेल. आणि घरी अनोळखी माणसांची ये-जा ही त्याची काळजी असेल तर ती खोटी नाही. वाद्यं घ्यायची-द्यायची वेळ ठरवा, ओसरीवर टेबल मांडा, त्या वेळी त्यालाच बसायला सांगा.

शेवटी वडिलांची क्लॅरिनेट. ताई, ती आत्ता दुरुस्त करू नका. तुम्ही हे सगळं तिच्यासाठीच सुरू केलंत हे मला कळतं, म्हणूनच सांगतो. जिच्यावर आपला जीव आहे त्या वाद्यावर शिकाऊ हात थरथरतो आणि नको तिथे जोर लावतो. पंचवीस वाद्यांनंतर ती सव्विसावी.

तोपर्यंत तिचं आणखी नुकसान होऊ नये एवढंच करा. चीर वरच्या टोकापासून उभी, लाकडाच्या रेषेत गेली आहे असं लिहिलंय, म्हणजे ती लाकडीच आहे : आपल्या शिसवीच्या कुळातलं पूर्व आफ्रिकेतलं लाकूड, इतकं जड की पाण्यात बुडतं. आतून ओल आणि बाहेरून कोरडं पडलं की ते असं उकलतं. फेविक्विक घातल्याचा इतका दोष घेऊ नका. चिरा भरायला जाणते कारागीरही त्याच जातीचा गोंद, अगदी पातळ, त्याच लाकडाची भुकटी मिसळून वापरतात. चीर खोल असेल तर आडव्या बारीक पोलादी पिना घालतात. तुमचा भोकाच्या कडेवर ओघळलेला थेंब मात्र तसाच राहू द्या. खरवडू नका, ॲसिटोन लावू नका. ते काम जाणत्या माणसाकडे, तुमच्या डोळ्यांसमोर व्हावं. लोखंडी ट्रंकेतून तिला बाहेर काढा. पावसाळ्यात तिथे ओल कोंडते आणि उन्हाळ्यात ती तापते. जोड सुटे करा, कोरड्या सुती कापडात गुंडाळा, खोलीतल्या लाकडी कपाटात मधल्या फळीवर ठेवा. महिन्यातून एकदा उघडून बघा.

आणि काही काढायच्या आधी फोटो घ्या, प्रत्येक चावीचा, जवळून. जोडावर बुचाऐवजी त्यांनी दोरा गुंडाळला असेल, एखाद्या चावीखाली सायकलच्या ट्यूबचा तुकडा असेल. तो रबर तर बहुतेक भर मिरवणुकीत, स्प्रिंग तुटल्यावर, दोन गाण्यांच्या मधे बांधलेला असणार. चावी त्यानं नीट मिटत होती का हे कागदाच्या पट्टीनं बघून वहीत लिहा. नवी स्प्रिंग बसेल त्या दिवशी तो रबर एका डबीत ठेवा आणि डबीवर त्या चावीचं नाव लिहा.